मधुमेहाचे मूळ : इन्सुलिनरोध

तुरीचे झाड ऐन फुलोऱ्यात एकाएकी वाळते, तेव्हा शेतकरी म्हणतो, “काल तर हिरवेगार होते.” परंतु मर रोगाची बुरशी मुळात शिरून बरेच दिवस झालेले असतात; वाळणे ही केवळ शेवटची अवस्था होय. मधुमेहाचेही असेच आहे. रक्तातील साखर वाढल्याचे कागदावर दिसते तेव्हा आपण “शुगर झाली” असे म्हणतो. प्रत्यक्षात शरीरातील बिघाड त्याआधी कित्येक वर्षे, बहुधा दहा-पंधरा वर्षे, सुरू झालेला असतो. या बिघाडाला डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणतात. आपण त्याला ‘इन्सुलिनरोध’ म्हणू.

शेतीविषयक मासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. चोपडा परिसरात शिवार फेरीच्या वेळी पीक-पाण्याच्या गप्पा संपल्या की बोलणे हमखास गुडघे, रक्तदाब आणि शुगर यांवर येते. “हा शहरी, बसून खाणाऱ्यांचा रोग, कष्ट करणाऱ्याला, त्यातून बारीक माणसाला तो होत नाही,” ही समजूत अजून घट्ट आहे. आकडे वेगळे सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असून १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरात १६.४ टक्के, तर खेड्यात ८.९ टक्के आढळले. मात्र उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. खेड्यातील रोगाचे ‘बी’ पेरून झाले आहे, उगवण तेवढी बाकी आहे, असा याचा अर्थ होतो. म्हणूनच हे मूळ काय आहे ते प्रत्येक शेतकरी कुटुंबाने समजून घेणे गरजेचे आहे.

इन्सुलिनचे काम काय?

भाकरी, पोळी, भात, बटाटा, केळी, गूळ यांतील पिष्टमय व गोड पदार्थ पचले की त्यांचे ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर म्हणजे शरीराचे इंधन. परंतु ती रक्तात असून उपयोग नाही. स्नायूंच्या पेशींत गेली तरच तिचे बळ मिळते. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून इन्सुलिन हे संप्रेरक पाझरते. इन्सुलिनचा इशारा मिळाला की स्नायू आणि चरबीच्या पेशी साखरेसाठी आपली दारे उघडतात. त्याच वेळी यकृताला “आता नवी साखर तयार करू नको” असा निरोप मिळतो. जेवणानंतर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सांगितलेल्या उपायांचे मर्म त्यातच आहे.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला. त्यानंतर बरीच वर्षे इन्सुलिन कमी पडणे म्हणजेच मधुमेह, असे मानले जाई. १९३६ साली इंग्लंडमधील हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की काही रुग्णांचे शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देते, तर काहींचे देत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत यालो आणि बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधून काढली. तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असल्याचे आढळले. इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही, हाच इन्सुलिनरोध होय. लहान वयात अचानक होणारा आणि पहिल्यापासून इन्सुलिनचे इंजेक्शन लागणारा मधुमेह हा वेगळा प्रकार आहे. त्याची चर्चा येथे केलेली नाही.

ठिबक संचाचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याला ठिबक संच समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच संचाच्या आधारे हा रोध समजून घेऊ. विहीर म्हणजे रक्त, पाणी म्हणजे साखर, मोटार म्हणजे स्वादुपिंड, मोटारीने दिलेला दाब म्हणजे इन्सुलिन आणि ड्रीपर म्हणजे पेशींची दारे, असे समजा.

क्षारांमुळे ड्रीपर हळूहळू चोंदू लागले की झाडाला पाणी कमी पडते. मग शेतकरी दाब वाढवतो, मोटार जास्त वेळ चालवतो. झाडाला पाणी पुरते, पीक टवटवीत दिसते, वरवर सारे ठीक असते. परंतु मोटार रोज जास्तीचे काम करीत असते, तापत असते. अशी काही वर्षे गेली की मोटारीची ताकद घटते. आता दाब मिळत नाही. विहीर तुडुंब आणि पीक सुकलेले, अशी स्थिती होते.

शरीरातही हेच घडते. पेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून काम भागवते. या काळात साखर तपासली तर अहवाल ‘नॉर्मल’ येतो. पुढे स्वादुपिंड थकते आणि साखर वाढू लागते. ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की मधुमेहाचे निदान होते त्या वेळी स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता साधारण निम्मीच उरलेली असते. म्हणून मोटार जळण्याची वाट न पाहता ड्रीपर वेळीच साफ करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

रोध का निर्माण होतो?

१) चरबीची साठवण चुकीच्या जागी होणे : खाल्लेले अन्न श्रमापेक्षा जास्त झाले की त्याची चरबी होते. कातडीखालील चरबी हे शरीराचे हक्काचे कोठार आहे. तेथे साठवण होते तोपर्यंत फारसे बिघडत नाही. कोठार भरले की मात्र धान्य ओसरीवर आणि माजघरात येते. त्याप्रमाणे जादा चरबी पोटातील आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंच्या आत शिरते. तेथील चरबी इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचू देत नाही.

२) स्नायूंचा वापर कमी होणे : साखर साठवण्याची स्नायूंची जागा मर्यादित असते. काम केले की ती रिकामी होते. काम केले नाही तर जागा भरलेलीच राहते आणि नवी साखर घेण्यास स्नायू नकार देतात.

३) अपुरी झोप : काही रात्री झोप नीट झाली नाही तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. ज्या फिडरवर अजूनही रात्रपाळीची वीज आहे तेथील शेतकऱ्यांनी याची विशेष दखल घ्यावी.

४) तंबाखू व विडी-सिगारेट, वाढते वय आणि आनुवंशिकता ही आणखी कारणे होत. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असल्यास धोका वाढतो.

बारीक माणसालाही हा धोका का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९३ साली पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. या माता आपल्याकडील शेतकरी घरांतील स्त्रियांसारख्याच होत्या : अंगाने बारीक आणि शेतात व घरात राबणाऱ्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, तर साउथॅम्प्टनमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाने, उंचीने आणि विशेषतः स्नायूंनी कमी होती. परंतु कातडीखालील चरबीचे माप घेतले असता ते त्या मानाने फारसे कमी नव्हते. म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, पण चरबीचे प्रमाण अधिक. अशा बाळांना ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे वर्णन मिळाले आणि २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याच गोष्टीचे एक बोलके उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी प्रा. युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३ होता. वजनकाट्यावर दोघेही निरोगी. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

यावरून शेतकऱ्यांनी घ्यायचा बोध असा की काट्यावरील वजन आपल्याला फसवू शकते. हात-पाय काडीसारखे, पण पोट थोडे पुढे आलेले, असा माणूस आपल्याकडे ‘बारीक’ समजला जातो. स्नायू कमी असल्यामुळे साखर घ्यायला जागा कमी, आणि चरबी पोटात असल्यामुळे रोध जास्त, अशी दुहेरी अडचण त्याच्या शरीरात असते. बालपणी ज्यांनी ओढाताण सोसली आणि पुढे बागायतीमुळे ज्यांच्या घरी सुबत्ता आली, त्यांनी अधिक सावध राहावे.

शेतीतील श्रम बदलले, ताट तेच राहिले

एक पिढीपूर्वी नांगरट बैलांवर होती. पाण्याची बारी आली की दारे धरण्यासाठी तास न् तास चिखलात उभे राहावे लागे. शेतावर जाणे-येणे पायी होते. आज पूर्वमशागत व पेरणी ट्रॅक्टरने होते, ठिबकची व्हॉल्व्ह फिरवली की बारी संपते, मोटार ऑटोस्टार्टरवर किंवा मोबाइलवरून सुरू होते. केळीचे घड व्यापाऱ्याची टोळी कापून नेते. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. वेळ आणि मजुरी वाचली, हे चांगलेच झाले. परंतु श्रम कमी झाले तरी ताट जुन्याच मापाचे राहिले. शिवाय त्या ताटात खरीप ज्वारीचे क्षेत्र घटत गेले तशी भाकरी कमी झाली आणि पोळी, भात, शेव-फरसाण व बेकरीचे पदार्थ वाढले. वरण-बट्टीचा बेत पूर्वी लग्नकार्यापुरता आणि भंडाऱ्यापुरता असे. आता तो महिन्यातून कितीदा होतो, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

चहाचाही हिशेब करून पाहावा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाला पाच कप घेणाऱ्याच्या पोटात ५० ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो साखर केवळ चहातून जाते. साखरेऐवजी गूळ घातला तरी शरीराला फरक पडत नाही. गूळ हीसुद्धा साखरच आहे.

एका मुळाच्या अनेक फांद्या

इन्सुलिनरोध असलेल्या माणसाला केवळ मधुमेहच होतो असे नाही. रक्तदाब वाढणे, रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढणे, ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी होणे आणि साखर वाढणे या गोष्टी एकत्र नांदतात आणि त्यांच्या मुळाशी हा रोध असतो, अशी मांडणी अमेरिकेतील डॉ. रीव्हन यांनी १९८८ साली केली. या सगळ्यांचा शेवट हृदयविकारात किंवा पक्षाघातात होऊ शकतो.

यकृतात चरबी साठणे हीदेखील याच रोधाची फांदी आहे. दारूला न शिवणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते, ते बहुधा यामुळेच. ते वाचून सोडून देऊ नये. तो आधी मिळालेला इशारा आहे. तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर लव वाढणे आणि गर्भधारणेस विलंब होणे या तक्रारींमागेही अनेकदा इन्सुलिनरोध असतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी तिने ठरावीक काळाने तपासणी करीत राहावे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे पाय. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. अनवाणी चालताना पऱ्हाटीचे खुंट किंवा काच रुतली तरी कळत नाही. ओलसर बागेत जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे हीही अशीच न कळत खराब होतात. ज्या घराचा कर्ता शेतात उभा राहू शकत नाही, त्या घराची शेतीही उभी राहत नाही.

कसे ओळखावे?

पहिली तपासणी घरीच, शिंप्याच्या टेपने करता येते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता पोटाचा घेर मोजावा. पॅन्टचे माप धरू नये, कारण पॅन्ट पोटाखाली बांधली जाते. भारतीयांसाठी मर्यादा पुढीलप्रमाणे आहे :

पुरुष : ९० सेंमी (सुमारे ३५ इंच)
स्त्रिया : ८० सेंमी (सुमारे ३१ इंच)

घेर यापेक्षा जास्त असल्यास वजन कितीही असो, इन्सुलिनरोधाची शक्यता धरून चालावे.

दुसरी खूण मानेवर दिसते. मानेच्या मागच्या बाजूस आणि काखेत कातडी काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी होते. हा उन्हाचा रापही नाही आणि मळही नाही. घासून तो जात नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढल्याची ती खूण असते. लहान मुलांच्या मानेवर ती दिसली तर विशेष लक्ष द्यावे.

तिसरी तपासणी रक्ताची. वयाच्या तिशीनंतर प्रत्येकाने ती करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व साखर तपासणीची सोय शासनाच्या कार्यक्रमांतर्गत आहे. सध्या प्रचलित असलेले निकष असे आहेत :

उपाशीपोटी साखर (मिलिग्रॅम प्रति १०० मिली)
सामान्य : १०० पेक्षा कमी
उंबरठा : १०० ते १२५
मधुमेह : १२६ व अधिक

ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी
सामान्य : १४० पेक्षा कमी
उंबरठा : १४० ते १९९
मधुमेह : २०० व अधिक

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी, टक्के)
सामान्य : ५.७ पेक्षा कमी
उंबरठा : ५.७ ते ६.४
मधुमेह : ६.५ व अधिक

एका तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुन्हा करावी. आपल्या भागासाठी एक सूचना महत्त्वाची आहे. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असल्यास किंवा रक्तक्षय असल्यास या तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे आणि उपाशीपोटी व ग्लुकोजनंतरची साखर तपासून घ्यावी.

उपाय : ड्रीपर साफ कसे करावेत?

उंबरठ्यावर असलेल्या माणसाला परत फिरता येते का? चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ भारतीयांवर अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहारातील बदल आणि रोज अर्धा तास भरभर चालणे करून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे घटले नव्हते, तरीही फायदा झाला.

अ) स्नायूंना काम द्या

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनच्या इशाऱ्यावाचूनही ते साखरेसाठी दार उघडतात. ड्रीपर चोंदलेले असतानाही पाणी जाण्याची ही दुसरी वाट आहे. म्हणून :

१) आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. शेत दोन किलोमीटरच्या आत असल्यास मोटारसायकल घरी ठेवावी.
२) दोन्ही वेळच्या जेवणानंतर, विशेषतः रात्री, दहा-पंधरा मिनिटे फिरावे. जेवून लगेच खाटेवर आडवे होऊ नये.
३) आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, खोदकाम, वजन उचलणे अशी स्नायू वाढवणारी कामे करावीत. चाळिशीनंतर स्नायू आपोआप घटू लागतात, म्हणून वय वाढेल तशी याची गरज वाढते.
४) हंगामात चार महिने राबून उरलेले आठ महिने पारावर बसल्यास लाभ टिकत नाही. व्यायामाचा परिणाम दोन-तीन दिवसच राहतो. त्यामुळे ठिबकप्रमाणे थोडे थोडे, पण नियमित द्यावे.

ब) ताटाची फेरआखणी करा

१) ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा असावा : मेथी, अंबाडी, चाकवत, गिलके, दोडके, गवार, शेवगा. पाव भाग डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांचा, आणि पाव भाग भाकरी, पोळी अथवा भाताचा असावा.
२) ज्वारी, बाजरी व भगर चांगली, कारण त्यांत तंतुमय पदार्थ अधिक आहेत. परंतु भाकरीतही पिष्टच असते. “ज्वारीची आहे” म्हणून चारऐवजी सहा भाकरी खाल्ल्या तर उपयोग नाही.
३) ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली आपल्याकडची कळण्याची भाकरी हा उत्तम नमुना आहे. उडदामुळे प्रथिने वाढतात आणि पोट लवकर भरते.
४) तेल दरडोई दरमहा अर्ध्या किलोच्या आसपास ठेवावे. वांग्याचे भरीत गुणाचे आहे, पण त्यावर तेलाची तर तरंगू देऊ नये.
५) उपवासाला साबुदाणा टाळावा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.
६) वजन जास्त असल्यास ते पाच ते सात टक्के कमी करावे. ८० किलोच्या माणसाने चार ते साडेपाच किलो उतरवले तरी यकृतातील चरबी घटून रोध लक्षणीय कमी होतो.

क) तंबाखू सोडावी, सात तास झोप घ्यावी. रात्री पाणी भरावे लागले तर दिवसा झोप भरून काढावी.

केळी खावी की नाही?

केळी उत्पादकांच्या तालुक्यात हा प्रश्न हमखास येतो. कच्च्या केळीत मुख्यतः पिष्ट असते. त्याचा काही भाग सहज पचत नाही. पिकताना याच पिष्टाची साखर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेले अतिपक्व केळे रक्तातील साखर लवकर वाढवते. १०० ग्रॅम गरात सुमारे २० ते २३ ग्रॅम पिष्ट व साखर असते. उंबरठ्यावर असलेल्या किंवा साखर आटोक्यात असलेल्या व्यक्तीने एक लहान, बेताचे पिकलेले केळे खाण्यास हरकत नाही; मात्र ते जेवणावर वरून न खाता दोन जेवणांच्या मध्ये खावे आणि त्या दिवशी अर्धी भाकरी कमी करावी. शिकरण मात्र टाळावे. कच्च्या केळीची भाजी बटाट्याच्या जागी वापरून पाहावी.

औषधे चालू असलेल्यांसाठी

साखर ‘नॉर्मल’ आली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. ती गोळ्यांमुळे नॉर्मल आलेली असते. झाडपाल्याच्या औषधासाठी गोळ्या सोडणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी अवजड काम केल्यास साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा व्यक्तीने शेतात जाताना खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा आणि उपवास डॉक्टरांना विचारूनच करावेत. शेतात बंद बूट वापरावेत. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे उजेडात पाहावेत.

पुढच्या पिढीसाठी

पुण्याच्या अभ्यासातील आणखी काही निष्कर्ष शेतकरी कुटुंबाला थेट लागू पडतात. ज्या गर्भवती पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. ज्या माता गरोदरपणात विहिरीवरून पाणी वाहणे आणि शेतातील अवजड कामे अधिक करीत होत्या, त्यांची बाळे लहान होती. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनरोध सर्वाधिक होता. याचा अर्थ फोलिक अॅसिडच्या गोळ्या टाळाव्यात असा नव्हे. त्या घ्यायच्याच आहेत, पण सोबत ब-१२ ची कमतरता डॉक्टरांकडून तपासून भरून काढावी.

हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. वनस्पतींतून मिळत नाही. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरी दूध हाच मोठा आधार आहे. परंतु गोठ्यातील सगळे दूध डेअरीत जाते आणि घरच्या गर्भवतीच्या वाट्याला चहापुरते उरते, असे चित्र अनेक घरांत दिसते. बियाणे प्लॉटला आपण सर्वांत चांगली जमीन, खत आणि पाणी देतो, कारण पुढचा हंगाम त्यावर अवलंबून असतो. घरातील वाढत्या मुलीला आणि गर्भवतीलाही तीच अग्रक्रमाची वागणूक मिळावी. डेअरीला दूध घालण्याआधी दोन पेले घरासाठी काढून ठेवावेत आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात तिच्या डोक्यावरचा हंडा व भारा घरातील पुरुषाने उचलावा.

माती परीक्षण आपण पेरणीपूर्वी करतो, पीक पिवळे पडल्यावर नव्हे. हाच नियम स्वतःच्या शरीराला लावावा. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी या आठवड्यात घरातील तिशीपुढील प्रत्येकाच्या पोटाचा घेर टेपने मोजून वहीत लिहून ठेवावा, मर्यादेबाहेर असलेल्यांची साखर व रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा आणि दर सहा महिन्यांनी त्याच वहीत नवी नोंद करावी.